पीव्हीसी करपतंय? फिटिंगवर तपकिरी रेघा आणि काळे ठिपके येत असतील तर या क्रमाने तपासा

जळगावच्या एमआयडीसीत यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, फिटिंगच्या मोल्डिंग मशीनवर मी १८ वर्षं काढली. एल्बो, टी, कपलर, रिड्यूसर, एंड कॅप, शेतीच्या पाइपलाइनला लागणारं सगळं. नवख्यांसाठी एवढंच: हॉपरमधून पडलेला माल बॅरल नावाच्या तापत्या नळीत फिरणारा स्क्रू वितळवतो आणि नोझलमधून मोल्डमध्ये ढकलतो, अशी एक भर म्हणजे एक शॉट. मशीन बदलल्या, मोल्ड बदलले, कंपाऊंड म्हणजे तयार मिसळलेला कच्चा माल बदलला, पण रात्री-अपरात्री येणारा फोन तोच राहिला: ‘भाऊ, माल करपतोय.’ हे दुखणं इतक्यांदा निस्तरलंय की कुठून बघायला लागायचं याचा एक क्रम हातात बसला आहे. बहुतेक ठिकाणी लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. स्क्रू बाहेर काढतात, दोन शिफ्ट घालवतात, आणि दोष निघतो वाया गेलेला माल दळणाऱ्या ग्राइंडरशेजारच्या पोत्यात. म्हणून आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू, असा हा क्रम आहे.

आधी लक्षणं

पांढऱ्या मालात पहिल्यांदा पिवळसर झाक येते, मग फिकट तपकिरी रेघा, मग काळे ठिपके. राखाडी मालात पिवळेपणा दिसतच नाही, रंग जरासा मातकट होतो आणि थेट तपकिरी रेघ उमटते. म्हणून राखाडी माल काढणाऱ्यांनी चांगला निघालेला एक पीस कायम मशीनला लटकवून ठेवावा आणि तासातासाने नवा पीस त्याच्याशेजारी धरावा. नुसत्या डोळ्याला हा फरक कळत नाही, शेजारी धरल्यावर लगेच कळतो.

नोझलपाशी नाकाला आणि घशाला झोंबणारा वास येतो. बरेच जण त्याला क्लोरीन म्हणतात, पण तो हायड्रोजन क्लोराइड असतो. दमट हवेत त्याचंच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. खात्री करायची असेल तर निळा लिटमस कागद ओला करून नोझलच्या बाजूला चिमट्याने धरा, लाल झाला की शंका उरत नाही. पर्जिंगचा, म्हणजे मोल्डऐवजी बाहेर सोडलेल्या मालाचा, गोळा फुगतो, चिरला की आत बुडबुडे दिसतात. मोल्डचे दोन भाग मिळतात त्या पार्टिंग लाइनवर गंजाचा तांबूस पापुद्रा येतो. आणि शेवटचं लक्षण ग्राहकाकडून कळतं: सॉकेट पाइपवर ठोकताना तडकतो. करपलेलं पीव्हीसी ठिसूळ असतं.

डाग नेमका कुठे आहे?

याला एक पैसा लागत नाही, आणि निम्मं उत्तर इथेच मिळतं. ओळीने १० शॉट बाजूला काढा, मार्करने १ ते १० आकडे टाका, आणि रनरसकट, म्हणजे पीसपर्यंतच्या वाटेत गोठलेल्या मालासकट, टेबलावर मांडा.

दहाही पीसवर डाग एकाच जागी, तोही माल जिथे सर्वांत शेवटी पोचतो त्या कोपऱ्यात किंवा मालाचे दोन प्रवाह मिळतात त्या जोडरेघेवर असेल, तर हवा अडकते आहे. ती हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिथला माल जळतो. त्यात बॅरलचा काही दोष नाही. डाग गेटपासून, म्हणजे माल पीसमध्ये शिरतो त्या तोंडापासून, पंख्यासारखा पसरत असेल तर गेटमधून माल फार जोरात घुसतो आहे. रेघ स्प्रूच्या, म्हणजे नोझलसमोरच्या मुख्य वाटेच्या, मधोमध सुरू होऊन पीसपर्यंत जात असेल तर स्क्रूचं टोक किंवा नोझल बघायचं. ठिपके जागा बदलत असतील, या शॉटला इथे आणि पुढच्याला तिथे, तर कुठेतरी साचलेली काळी खपली सुटून येते आहे किंवा हॉपरमध्येच घाण आहे. आणि सगळा पीस एकसारखा पिवळट असेल तर अख्खा माल जास्त तापतोय किंवा बॅरलमध्ये जास्त वेळ राहतोय.

करपतं म्हणजे होतं तरी काय

पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे म्हणून थोडक्यात सांगतो. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. तापलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचा एक कण सुटतो. सुटलेला कण शेजारच्यालाही सोडवतो, आणि मग उसवलेल्या शिवणीसारखी साखळी सुटत जाते. साखळी जितकी लांब उसवते तितका रंग गडद: पिवळा, लालसर तपकिरी, काळा. ही उसवण रोखायला कंपाऊंडमध्ये स्टॅबिलायझर घातलेला असतो.

स्टॅबिलायझर ही शिदोरी आहे. मिक्सरमध्ये तापताना थोडी खर्च होते, बॅरलमध्ये थोडी, ग्राइंडरमधून परत आलं की पुन्हा थोडी. खर्च झालेली परत भरत नाही. माल २०० अंशांवर ४ मिनिटं सुखाने राहील, १८५ वर त्याहून बराच जास्त वेळ. म्हणून करपणाऱ्या मालापुढे उभं राहिल्यावर मी पहिला प्रश्न ‘किती तापलं’ हा विचारत नाही, ‘कुठे थांबलं’ हा विचारतो. थांबलेला माल करपतो. बॅरलमध्ये, नोझलमध्ये, स्क्रूच्या टोकामागे, कुठेतरी तो थांबलेला असतो.

पर्जिंगला हात घालण्याआधी एक इशारा

त्या मशीनवर कधी पीओएम, म्हणजे असिटल किंवा बोलीत डेलरिन, चालत असेल तर आधी ती नोंद शोधा. पीव्हीसी आणि पीओएम गरम बॅरलमध्ये एकत्र येता कामा नयेत. पीव्हीसीचं अ‍ॅसिड पीओएमला फोडतं, फॉर्माल्डिहाइड वायू झपाट्याने सुटतो, आणि बॅरलमधला दाब नोझलमधून किंवा हॉपरमधून उसळू शकतो. याने माणसं भाजतात. एक मूठ दाणेसुद्धा चालत नाहीत. दोन्ही माल एकाच हॉपरला, एकाच ग्राइंडरला, एकाच फावड्याला लावू नका. मिसळल्याची शंका असेल तर हीटर बंद करून सगळ्यांना मशीनपासून दूर करा आणि मशीन कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा. तिथे स्वतः काही करू नका.

पहिली तपासणी: टेंपरेचर कमी करायच्या आधी स्क्रूचा वेग बघा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेबाराला शेजारच्या शेडमधल्या पोराचा फोन आला.

‘भाऊ, ६३ चा एल्बो पिवळा मारतोय.’

‘टेंपरेचर किती कमी केलंस?’

‘१५ अंश. तरी वाढतच चाललंय.’

‘होतं तिथे परत ने. आणि आरपीएम बघून सांग.’

आरपीएम ९० होता, स्क्रू ६० मिलिमीटरचा. सायकल म्हणजे एका शॉटचा वेळ वाचवायला दिवसपाळीत कुणीतरी वाढवला होता. टेंपरेचर जागेवर आणून वेग ५० वर घेतला आणि बॅक प्रेशर, म्हणजे मागे सरकणाऱ्या स्क्रूला दिलेला विरोध, उतरवलं, तेव्हा विसाव्या शॉटला माल स्वच्छ झाला.

कडक पीव्हीसी तापतं ते हीटरने कमी आणि घासण्याने जास्त. टेंपरेचर उतरवलं की माल घट्ट होतो, घट्ट माल फिरवायला स्क्रूला जोर लागतो, त्या जोराची उष्णता होते, आणि माल आणखी करपतो. हीटर कमी केल्यावर करपणं वाढलं तर दोष घर्षणाचा आहे, हे नक्की समजा.

हिशोब सोपा आहे. यूपीव्हीसीला स्क्रूच्या कडेचा वेग सेकंदाला ०.१५ ते ०.२ मीटर पुरतो. ६० मिलिमीटरच्या स्क्रूचा घेर सुमारे १८८ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ४८ ते ६४ फेरे. स्क्रू मोठा असेल तर फेरे आणखी कमी. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) सवयीने कुणी आरपीएम लावला असेल तर तो पीव्हीसीला हमखास जास्त असतो. बॅक प्रेशर ५ ते १० बारच्या आसपास ठेवा. इंजेक्शनचा वेग सुरुवातीला हळू, गेट ओलांडल्यावर थोडा वाढवा. गेटपाशी पंखा उमटत असेल तर एवढ्यानेच जातो.

पॅनेलवर आणखी एक खूण दिसते. मधल्या झोनचं सेटिंग १७५ आहे, हीटरचा दिवा बंद आहे, तरी आकडा १८८ दाखवतोय आणि उतरत नाही. ती उष्णता स्क्रूची आहे.

दुसरी: मशीन किती वेळ थांबली होती?

ऑपरेटरला विचारा, आणि रागावून विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. जेवणाची सुट्टी, मोल्डमध्ये अडकलेला पीस, लाइट गेली, हॉपर रिकामा राहिला. माल बॅरलमध्ये तापत पडला आणि मशीन तशीच पुढे चालू केली, तर पुढचे कित्येक शॉट त्याची काळी खपली सोडत राहतात.

थांबा पाच मिनिटांहून मोठा असेल तर नोझल मागे घेऊन आतला माल बाहेर काढा. अर्ध्या तासाचा असेल तर एचडीपीई किंवा पीपीने बॅरल धुवून काढा आणि तोच माल आत ठेवून थांबा. शिफ्ट संपताना तर हे व्हायलाच हवं. बॅरलमध्ये पीव्हीसी ठेवून मशीन बंद करू नका. रात्री ते आत थंड होतं, सकाळी स्टील तापायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात स्क्रूला चिकटलेला थर करपून कडक होतो.

लाइट अचानक गेली तर काहीच करता येत नाही, हे खरं. आमच्याकडे वळवाच्या पावसात हे रोजचं असतं. लाइट आल्यावर मात्र घाई करू नका. आधी कॅरेज, म्हणजे नोझलसकट बॅरलचा गाडा, मागे घ्या. नोझलचा हीटर आधी लावा, म्हणजे वाट मोकळी होईल, बॅरल १५० ते १६० पर्यंतच आणा, आणि माल मऊ पडताच हळूहळू बाहेर काढा. नोझलसमोर कुणीही उभं राहायचं नाही. गॉगल आणि हातमोजे घाला, शेडचं शटर उघडं ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा. नोझल बंद आहे, बॅरल तापलेलं आहे आणि हॉपरच्या गळ्यातून धूर येतोय, असं दिसलं तर हीटर बंद करून बाजूला व्हा. आत वायूचा दाब असतो. तिथे नोझल खोलायला पाना लावू नका, पूर्ण थंड होऊ द्या आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा.

हॉपरचा गळासुद्धा याच यादीत येतो. ड्राय ब्लेंड म्हणजे पावडर चालवत असाल तर गळ्याचं पाणी बंद पडल्यावर पावडर तिथे चिकटून कमान धरते. स्क्रू रिकामा फिरतो आणि आतला माल तिथेच घुसळला जातो. गळ्याला हाताची पाठ लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बाहेर ४५ अंश असताना कूलिंग टॉवरचं पाणीच गरम असतं, त्या दिवसांत हे दोनदा बघावं.

तिसरी: पोत्यात काय आहे?

माझ्या मते निम्म्या केसेस इथल्या असतात, आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

ग्राइंडरचा माल किती घातला आणि कुणाचा घातला, हे आधी विचारा. आपल्याच मशीनचे स्वच्छ रनर वेगळे आणि करपलेले पीस दळून परत घातलेले वेगळे. करपलेल्या पीसमधली शिदोरी संपलेली असते, तो चांगल्या मालालाही सोबत ओढतो. करपलेला माल दळायचाच नाही, तो भंगारात. हा नियम मी मालकाशी भांडून लावून घेतला आहे.

दुसरं, पाइपचा भुगा. जळगावात पाइपचे कारखाने भरपूर, त्यामुळे पाइपचं ग्राइंडिंग स्वस्त मिळतं आणि फिटिंगमध्ये घालायचा मोह होतो. पण पाइप साधारण के-६७ रेझिनचा असतो, फिटिंगला के-५७ ते के-६० च्या आसपासचं लागतं. के आकडा मोठा म्हणजे साखळी लांब आणि वितळलेला माल घट्ट. पाइप एक्स्ट्रूडरमधून संथ निघतो, त्याला ते चालतं. फिटिंगला तोच माल अरुंद गेटमधून काही सेकंदांत जायचा असतो, तिथे तो घासून करपतो. शिवाय पाइपच्या भुग्यात वाळू आणि लोखंडाचे कण येतात. हॉपरमध्ये चुंबकाची जाळी नसेल तर आजच बसवा. लोखंड नुसता स्क्रू खरवडत नाही, त्याचं क्लोराइड तयार झालं की ते करपण्याला आणखी चालना देतं.

तिसरी गोष्ट थोडी बारकाईची आहे. पीस करड्या-काळसर रंगाचा निघतोय, पण वास अजिबात नाही, लिटमसही निळाच राहतो. अशा वेळी माल करपलेला नसतो. जुना शिशाच्या स्टॅबिलायझरचा माल आणि गंधक असलेला टिन स्टॅबिलायझर एकत्र आले की लेड सल्फाइड तयार होतं, आणि ते काळं असतं. पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधून शिसं हटवण्याचे केंद्र सरकारचे नियम २०२१ मध्ये आले. कारखाने कॅल्शियम-झिंक आणि टिनकडे वळले, पण गोदामातला जुना भुगा शिशाचाच होता. त्या काळात आम्ही दोन दिवस टेंपरेचर खालीवर करत बसलो, आणि शेवटी कारण निघालं एक जुनं पोतं. शिशाचा माल पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये जाताच कामा नये, तेव्हा असं पोतं सापडलं तर ते वेगळं काढून त्यावर तसं लिहूनच ठेवा.

कॅल्शियम-झिंकचा स्वभावही ध्यानात ठेवा. शिसं किंवा टिन असताना माल हळूहळू पिवळा पडून इशारा देतो. झिंकचा माल बराच वेळ पांढरा राहतो आणि मग एकदम काळा होतो, कारण शिदोरी संपताना तयार होणारं झिंक क्लोराइडच उसवण वाढवतं. जुन्या सवयीने ‘अजून पिवळा नाही, चालू दे’ म्हणणाऱ्याला हा माल फसवतो.

तपास सोपा. बॅरल धुवून फक्त नव्या पोत्याचा माल घाला, ग्राइंडिंग शून्य, आणि ३० शॉट काढा. स्वच्छ आले तर दोष पोत्याचा. नव्या पोत्याचाही माल करपला तर दुसऱ्या लॉटचं पोतं लावून बघा. दोन लॉटमध्ये फरक दिसला तर कंपाऊंडवाल्याकडून उष्णता टिकवण्याची चाचणी मागा. काँगो रेड कागदाची ती चाचणी त्यांच्या प्रयोगशाळेत होते. कंपाऊंडमध्ये आपल्या मनाने स्टॅबिलायझर किंवा मेण मिसळू नका, ते त्यांच्या केमिस्टचं काम आहे.

चौथी: पॅनेलवरचा आकडा खरा आहे का?

सुईचा पायरोमीटर घ्या. नोझल मागे घेऊन नेहमीच्या वेगाने एक शॉट लाकडी फळीवर सोडा आणि लगेच सुई गोळ्यात खुपसून हळूहळू ढवळत राहा. फिटिंगच्या मालाला १८५ ते २०५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. २१० च्या वर गेला तर मशीन थांबवून कारण शोधा. तो गोळा थंड झाल्यावर करवतीने मधोमध कापा. आत गुळगुळीत एकसारखा रंग असेल तर माल बरोबर शिजलाय. वाटाण्याएवढी तपकिरी गाठ दिसली तर आत काहीतरी साचलंय. मधोमध पांढरट कण दिसले तर उलट माल कच्चा आहे, आणि तिथे टेंपरेचर उतरवणं ही चूक ठरेल.

पॅनेल १८० दाखवतंय आणि गोळा २१५ असेल तर, वेग बरोबर असताना, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलकडे वळा. बऱ्याचदा तो भोकातून अर्धा बाहेर आलेला असतो, टोक स्टीलला टेकत नाही, कमी दाखवतो आणि हीटर तापवतच राहतो. दाबून बसवा. बदलताना प्रकार बघा: ‘जे’ (J) प्रकारासाठी लावलेल्या कंट्रोलरवर ‘के’ (K) प्रकारचा थर्मोकपल जोडला तर २०० च्या जवळ तो चाळीसएक अंश कमी दाखवतो. पीव्हीसीसाठी चाळीस अंश म्हणजे अख्खं बॅरल गेलं.

मग ब्लोअर. पीव्हीसीच्या बॅरलला गारवा देणारे पंखे असतात आणि त्यांच्या जाळीवर भुग्याचा थर बसतो. ब्रश मारा. पाच मिनिटांचं काम आहे, पण या एकट्या कामाने सुटलेल्या तक्रारी मी बऱ्याच पाहिल्यात. हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर चिकटून हीटर सतत चालू राहत असेल तर पॅनेल उघडणं इलेक्ट्रिशियनचं काम, ऑपरेटरने हात घालू नये.

पाचवी: नोझल आणि स्प्रू बुश

रेघ स्प्रूच्या मधोमधून येत असेल तर इथे बघा. साधा कागद आणि त्यावर कार्बन पेपर नोझल आणि बुशच्या, म्हणजे मोल्डच्या तोंडाच्या, मध्ये धरा, कॅरेज हळूच टेकवा आणि कागद काढून बघा. एकसारखं गोल वर्तुळ उमटलं तर बसणूक बरोबर. एका बाजूची कडाच उमटली तर नोझल वाकडं बसतंय आणि त्या फटीत माल साचतोय. बुशचं भोक नोझलपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठं हवं. उलट असेल तर पायरी तयार होते, आणि पायरीवर माल थांबतो.

नोझल उघडं, आखूड आणि स्वतःच्या हीटरचं असावं. भोक ६ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. शट-ऑफ नोझल पीव्हीसीला लावू नका, त्याच्या आतल्या कोपऱ्यांत माल अडकतोच.

सहावी: मशीन मोठी आणि शॉट छोटा

याचा हिशोब कागदावर होतो. बॅरलमध्ये साधारण ११०० ग्रॅम माल मावतो असं धरू. चार एल्बो आणि रनर मिळून शॉट १८० ग्रॅम, सायकल ४५ सेकंद: माल सुमारे साडेचार मिनिटांत बाहेर पडतो. चालेल. त्याच मशीनवर ६० ग्रॅमचा छोटा कपलर, सायकल ३५ सेकंद: माल जवळपास पावणेअकरा मिनिटं आत राहतो. मग तुम्ही काहीही करा, तो पिवळा पडणारच. तो मोल्ड छोट्या मशीनवर न्या, किंवा कॅव्हिटी, म्हणजे मोल्डमधले पीसचे साचे, वाढवायचं बघा. मालकाला हे पटवून देणं सगळ्यात अवघड जातं, कारण मशीन रिकामी असते. कागदावरचा हा हिशोब समोर ठेवला की पटतं.

सातवी: मोल्ड

डाग कायम एकाच कोपऱ्यात असेल तर आधी मोल्ड मिटून धरणारा क्लॅम्पिंगचा दाब थोडा उतरवून बघा, जास्त दाबाने व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायच्या बारीक फटी, मिटतात. मग व्हेंट पितळी ब्रशने साफ करा. व्हेंटची खोली दोन-तीन शतांश मिलिमीटर एवढीच असते, त्यात पांढरी पावडर भरायला आठवडा पुरतो. तरी डाग गेला नाही तर नवा व्हेंट काढणं किंवा गेट मोठं करणं टूलरूमकडे द्या. हँड ग्राइंडर घेऊन स्वतः मोल्डला हात लावू नका.

पावसाळ्यात आणखी एक त्रास वाढतो. चिलरचं पाणी फार थंड ठेवलं की दमट हवेत मोल्डला घाम फुटतो. घामात अ‍ॅसिड मिसळतं आणि एका रात्रीत पॉलिश जातं. पाणी दवाच्या बिंदूच्या वर ठेवा. शिफ्ट संपल्यावर मोल्ड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडा करून, गंजरोधक मारून बंद करा. नवा मोल्ड करत असाल तर गंज न धरणारं स्टील सांगा, १.२३१६ या क्रमांकाचं पीव्हीसीसाठी वापरतात. साध्या स्टीलवरचं क्रोम टवका उडेपर्यंतच साथ देतं.

आठवी, आणि शेवटची: स्क्रू बाहेर काढणं

वरचं सगळं करूनही रेघ येत असेल तरच इथे या. हे काम अनुभवी माणसाशिवाय करू नका. क्रेन लागते, बॅरल गरम असतं, आणि चुकीच्या हिसक्याने स्क्रू वाकतो.

सगळ्यात आधी टोक बघा. पीपी किंवा एबीएसवरून मशीन पीव्हीसीला आणली असेल तर माल मागे येऊ न देणारी चेक रिंग तशीच राहिलेली सापडते. रिंगच्या मागे माल थांबतो आणि दर शॉटला काळी खपली सोडतो. कडक पीव्हीसीला बिनरिंगेचं, निमुळतं टोक लागतं. स्क्रूही वेगळा लागतो, कॉम्प्रेशन रेशो साधारण १.६ ते २. पीपीचा जास्त दाबणारा स्क्रू पीव्हीसी चालवेल, पण करपवत चालवेल.

चिकटलेला माल स्क्रू कोमट असतानाच पितळी पट्टी आणि पितळी ब्रशने काढा. लोखंडी छन्नीने क्रोमला चरे पडतात आणि पुढच्या वेळी माल तिथेच धरतो. गॅस कटरच्या ज्वाळेने जाळून तर काढूच नका. तो धूर विषारी असतो, आणि क्रोमही जातं.

साफ केल्यावर स्क्रू उजेडात फिरवून बघा. पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले, क्रोमचा पापुद्रा नखाला लागला, किंवा आट्यांच्या कडा गोल झाल्या असतील, तर साफसफाईने भागणार नाही. खड्ड्यात माल बसणार आणि करपणार. स्क्रू आणि बॅरल दोन्ही मोजायला पाठवा, एकट्या स्क्रूवर पैसे घालू नका. झिजलेल्या बॅरलमध्ये नवा स्क्रू बसवला तरी माल कडेने मागे सरकत राहतो आणि तेवढा वेळ आत जास्त राहतो.

बोलवताना काय तयार ठेवायचं

सर्व्हिसवाला येण्याआधी आकडे टाकलेले ते १० शॉट रनरसकट ठेवा, कापलेला गोळा ठेवा, सुईने मोजलेलं टेंपरेचर, आरपीएम, शॉटचं वजन, सायकल आणि पोत्याचा लॉट नंबर एका कागदावर लिहा. त्या मशीनवर आधी कोणते माल चालले तेही लिहा. एवढं समोर असलं तर जाणकार माणूस अर्ध्या तासात दोष सांगतो. नाहीतर तोही पहिल्या दिवशी टेंपरेचर खालीवर करण्यातच वेळ घालवतो.

शेडमध्ये कुणाला खोकला, डोळ्यांची आग किंवा छातीत घट्टपणा जाणवला तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या आणि डोळे भरपूर पाण्याने धुवा. त्रास थांबला नाही तर सरळ डॉक्टरकडे. मशीन बंद करून माणूस न्यायचा, शॉट पूर्ण व्हायची वाट बघायची नाही.

स्क्रू परत बसवल्यावर पहिले १५-२० शॉट हमखास घाण येतात, त्यावरून काही ठरवू नका. स्वच्छ माल स्थिर झाल्यावर तासाभराने निघालेला पीस १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून बघा. जोडरेघ उघडली नाही, फोड आले नाहीत, थर सुटले नाहीत, तर त्याच शॉटमधला दुसरा पीस तारीख टाकून मशीनला लटकवा आणि जुना काढून टाका.